काकडीचा वेल आणि नत्राचें खत



परसांत किंवा गच्चीवर लाविलेल्या काकडीच्या वेलासंबंधानें दोन तक्रारी नेहमीं ऐकूं येतात. पहिली, वेल वाढत नाहीं ही. आणि दुसरी, वेल वाढतो पण काकडी धरत नाहीं ही. गंमत अशी कीं, पहिल्या तक्रारीवर शेजारीपाजारी जो उपाय सुचवितात त्यांतूनच पुष्कळदां दुसरी जन्मास येते. हा उपाय म्हणजे पांढरें दाणेदार खत, युरिया. चिमूटभर घाला आणि आठ दिवसांनीं पाहा, असें सांगणारा मनुष्य खोटें बोलत नसतो. आठवड्याभरांत वेल खरोखरच काळपट हिरवा होतो, पानें तळहाताहून मोठीं होतात, तणावे सरसर वर चढतात. घरचीं माणसें संतुष्ट होतात. मग आणखी एक चिमूट पडते. पुढें मूठ पडते. महिना लोटतो, मांडव पानांनीं झांकून जातो, आणि कोशिंबिरीसाठीं काकडी मात्र मंडईंतूनच आणावी लागते.

असें कां होतें, आणि काकडीला नत्र किती, केव्हां व कसें द्यावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

नत्र ही कांहीं दुर्मिळ वस्तु नव्हे. आपल्या सभोंवतींच्या हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचाच आहे. परंतु काकडीच्या वेलाला ही संपत्ति कुलुपांत ठेविलेल्या द्रव्यासारखी आहे. ती त्याला हवेंतून परस्पर घेतां येत नाहीं. कडधान्यांच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु तें कुलूप उघडूं शकतात. मनुष्याला त्याची किल्ली विसाव्या शतकाच्या आरंभीं सांपडली. १९०९ सालीं जर्मनींत फ्रिट्झ हाबर यांनीं नत्र व हायड्रोजन यांच्या संयोगानें अमोनिया तयार करून दाखविला, आणि १९१३ सालीं कार्ल बॉश यांच्या प्रयत्नानें ओपाउ येथें त्याचा कारखाना चालूं झाला. आपण वापरतों तो युरिया त्याच रीतीच्या अमोनियापासून बनतो. त्यांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें. उलट, चांगल्या कुजलेल्या शेणखतांत तें शेंकडा अर्ध्या भागाच्या आसपास असतें. म्हणजे एक किलो युरियांत जेवढें नत्र, तेवढें मिळण्यास नव्वद किलोंहून अधिक शेणखत लागेल. शेणखत घालतांना हात थोडा सैल सुटला तर बिघडत नाहीं. युरियाच्या बाबतींत चमच्याचा फरकहि वेलाला जाणवतो. शेणखताची संवय झालेला हात युरियाच्या पिशवींत घालणें, हेंच बहुतेक अनर्थाचें मूळ आहे.

आतां वेलाकडे वळूं. नत्रापासून वनस्पतीचीं प्रथिनें बनतात, पानांतील हरितद्रव्य बनतें. अर्थात् नत्र मिळालें कीं पानें व कोंवळे शेंडे वाढतात. माठ, पालक, कोथिंबीर यांसारख्या भाज्यांत आपल्याला पानेंच हवीं असतात, तेव्हां तेथें काम सोपें असतें. काकडींत आपल्याला फळ हवें. आणि फळाची वाट फुलावरून जाते.

काकडीच्या सामान्य जातींत एकाच वेलावर नर व मादी अशीं निरनिराळीं फुलें येतात. नर फूल बारीक देठावर उभें असतें. मादी फुलाच्या मागें बोटाच्या पेराएवढी, लव असलेली, इवलीशी काकडी आरंभापासूनच दिसते. ही ओळख घरांतील मुलांना एकदां करून द्यावी. तीं मोठ्या आवडीनें रोज सकाळीं मोजणी करतात. प्रथम नर फुलें येतात, मादी फुलें त्यांच्यामागून आठ-दहा दिवसांनीं दिसूं लागतात. या क्रमाची माहिती नसल्यामुळें पहिलीं फुलें गळतांना पाहून पुष्कळ गृहस्थ घाबरतात, आणि घाबरून खत घालतात. नेमकें हेंच त्या वेळीं करूं नये. नत्राची चंगळ झाली कीं वेल पानें व फांद्या वाढविण्यांतच गुंततो, नर फुलांची संख्या फुगते आणि मादी फुलें लांबणीवर पडतात. उन्हाळ्याचा ताप वाढला असतां तर हा परिणाम अधिकच दिसतो.

मादी फुलें आलीं, पण इवलीशी काकडी पिंवळी पडून गळून गेली, तर तो खताचा दोष समजूं नये. तेथें बहुधा मधमाशी आलेली नसते. शहरांतील चौथ्या-पांचव्या मजल्यावर ही अडचण फार. अशा वेळीं सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं, ताजें नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्या आणि त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागीं हलक्या हातानें टेंकवावा. मधमाशीचें काम युरिया करूं शकत नाहीं. अलीकडे परागाविना फळें धरणारीं बियाणींहि मिळतात. पाकिटावर तसें लिहिलेलें असेल तर हा खटाटोप करण्याचें कारण नाहीं.

मग नत्र द्यावेंच कीं नाहीं? अवश्य द्यावें. काकडी ही खादाड वेल-भाजी आहे. बीं रुजल्यापासून दीड-दोन महिन्यांच्या आंत ती फळें देऊं लागते, आणि एवढ्या थोड्या अवधींत तिला पुष्कळ अन्न जमवावें लागतें. उपाशी वेलाचीं लक्षणें ओळखण्याजोगीं असतात. नत्र कमी पडलें कीं वेल खालच्या जुन्या पानांतील नत्र काढून वरच्या कोंवळ्या पानांना पुरवितो. म्हणून पिंवळेपणा प्रथम खालीं दिसतो. काकड्या फिक्या होतात व फुलाकडील टोंकास निमुळत्या राहतात. (पराग अपुरा पडला तरी काकडी वेडीवांकडी होते, म्हणून केवळ एका फळावरून निदान करूं नये.) याच्या उलट, जुनीं पानें हिरवीं आणि शेंड्याचीं नवीं पानें पिंवळीं, त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, असें दिसलें तर तो लोहाचा अभाव असण्याचा संभव असतो. दख्खनच्या चुनखडीच्या जमिनींत हें वारंवार घडतें. तेथें युरिया ओतून कांहीं साधत नाहीं.

गच्चीवर बाग करणाऱ्यांसाठीं एक गोष्ट मुद्दाम सांगतों. कुंडी हलकी व्हावी म्हणून हल्लीं तींत वाळलेला पाला, नारळाच्या शेंड्या, उसाचें चिपाड भरण्याची पद्धत आहे. पद्धत चांगली आहे. परंतु हे पदार्थ नीट कुजलेले नसले तर त्यांना कुजविणारे जंतु आपल्या स्वतःच्या वाढीसाठीं मातींतील नत्र ओढून घेतात, आणि वेल उपाशी राहतो. कुंडी काठोकांठ “सेंद्रिय” मालानें भरलेली, आणि वेल मात्र पिंवळा, हें कोडें कित्येकांना पडतें, त्याचा उलगडा हा असा आहे. अशा कुंडींत थोडें नत्र अधिक द्यावें लागतें. त्याहून बरें म्हणजे पाला दोन-तीन महिने आधीं कुजवून मग बीं टोंचावें.

प्रमाणाचा हिशेब आतां करूं. महाराष्ट्रांत काकडीच्या पिकाला सामान्यतः हेक्टरीं शंभर किलो नत्राची शिफारस केली जाते. हा आंकडा परसाच्या मापांत आणला तर एका चौरस मीटरला दहा ग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे बावीस ग्रॅम युरिया, तोहि संपूर्ण हंगामासाठीं. एका वेलाच्या वांट्याला पाऊण चौरस मीटर जमीन येते असें धरलें तर युरिया सोळा ग्रॅमच होतो. चहाच्या सपाट चमच्यांत सुमारे चार ग्रॅम युरिया मावतो. म्हणजे बीजापासून शेवटच्या काकडीपर्यंत एका वेलाला चार चमचे. आणि हें शेणखत मुळींच घातलें नसेल तर! आळ्यांत दोन किलो चांगलें कुजलेलें शेणखत मिसळलें असेल तर त्यांतूनहि कांहीं नत्र याच हंगामांत मिळतें, आणि मग दोन चमच्यांत भागतें. ज्यांनीं एकाच वेळीं मूठभर घातलें त्यांनीं किती हंगामांचा शिधा एकदम वाढला, याचा हिशेब त्यांनींच करावा.

हे दोन चमचेहि एकदम द्यावयाचे नाहींत. बीं टोंचतांना शेणखत पुरें. तीन आठवड्यांनीं, वेलाला चार-पांच पानें येऊन तो आधार शोधूं लागला कीं अर्धा चमचा द्यावा. त्यानंतर पहिलीं फुलें येऊन पहिल्या दोन-तीन काकड्या अंगठ्याएवढ्या होईपर्यंत हात आंवरावा. हा काळ संयमाचा आहे. फळ धरलें, कीं मग वेलाची खरी भूक सुरू होते. कारण आपण तोडून नेलेल्या प्रत्येक काकडीबरोबर थोडें नत्र बागेबाहेर जातें. तेव्हां पंधरा-पंधरा दिवसांनीं अर्धा-अर्धा चमचा देत राहावें.

खत बुंध्याशीं टाकूं नये, मुळें पोळतात. बुंध्यापासून एक वीत अंतरावर वाटोळी उथळ चर खुरप्यानें ओढून तींत तें पसरावें, मातीनें झांकावें आणि वर पाणी द्यावें. झांकणें हा केवळ सोपस्कार नव्हे. युरिया मातींत पडल्यावर थोड्याच दिवसांत त्याचा अमोनिया होतो, आणि तो उघड्यावर, तापलेल्या जमिनीच्या पृष्ठावर झाला तर पुष्कळसा उडून जातो. विकत घेतलेलें नत्र पुन्हां हवेंत मिसळतें. जमिनींत राहिलेल्या अमोनियाचें पुढें जंतूंच्या क्रियेनें नायट्रेट होतें. हें पाण्यांत सहज विरघळतें व पाण्याबरोबर वाहूनहि जातें. म्हणून मुसळधार पावसाच्या आदल्या दिवशीं खत देणें म्हणजे तें गटारास किंवा शेजारच्या विहिरीस देणें होय. हें रूपांतर सावकाश व्हावें यासाठीं युरियाला निंबोळीच्या तेलाचा लेप देतात; २०१५ सालीं आपल्या देशांत तो सक्तीचा करण्यांत आला. आमच्याकडील शेतकरी निंबोळी पेंडींत युरिया कालवून ठेवीत, त्यामागें हेंच तत्त्व होतें.

कुंडींतील वेलासाठीं पातळ करून देणें अधिक सुरक्षित. एक लिटर पाण्यांत दोन ग्रॅम, म्हणजे अर्धा चमचा, विरघळवावा आणि आधीं साधें पाणी घालून ओल्या केलेल्या मातींत तें ओतावें. पंधरा-वीस लिटर मातीच्या कुंडीला पंधरा दिवसांतून एकदां हें एवढें पुरे. ज्यांना युरिया नकोच असेल त्यांनीं भुईमुगाची पेंड वापरावी. तींत शेंकडा सुमारे सात भाग नत्र असतें व तें हळूहळू सुटतें. मात्र पेंड मातीखालीं नीट पुरावी, नाहीं तर पहिला लाभ घुशींना होतो.

येथें सुशिक्षित घरांतून नेहमीं विचारला जाणारा एक प्रश्न घेतों: युरियावर वाढलेली काकडी खाण्यास अपायकारक नाहीं कां? माझें मत स्पष्ट आहे. वेलाचीं मुळें नत्र मुख्यतः नायट्रेट किंवा अमोनियम या रूपांत घेतात, मग तें शेणांतून आलेलें असो कीं पिशवींतून. शेणखताचें श्रेष्ठत्व निराळ्या कारणासाठीं आहे: तें माती भुसभुशीत ठेवतें, ओल धरतें, इतर अन्नद्रव्येंहि पुरवितें. हें काम युरिया करीत नाहीं. म्हणून युरिया शेणखताच्या जोडीला असावा, त्याच्या जागीं नसावा. अति नत्राचा दोष वेलावर दिसतो तो असा, कीं पानें लुसलुशीत होऊन मावा लौकर पडतो, आणि दाट पाल्यांत हवा न खेळल्यामुळें भुरी पसरते. मग औषधें फवारण्याची पाळी येते. अपायाची चिंता करावयाची ती त्या औषधांची.

कडूपणाचा आळहि उगीच खतावर घेतला जातो. काकडी कडू होते ती कुकर्बिटॅसिन नांवाच्या द्रव्यामुळें. बियाण्याचा वंश, पाण्याचा ताण व कडक ऊन हीं त्याचीं नेहमींचीं कारणें. पाणी नियमित द्यावें, आणि बियाणें विश्वासाचें घ्यावें. राहुरीच्या कृषि विद्यापीठाची हिमांगी, कोंकणासाठीं दापोलीची शीतल, किंवा जुनी पूना खिरा यांपैकीं कोणतीहि घरच्या बागेला शोभेल. देठाकडचा भाग कापून टाकण्याची आपली रीत योग्यच आहे, कारण कडूपणा तेथें अधिक असतो. पण सबंध काकडीच कडू जहर लागली तर साखर-दहीं घालून ती खपविण्याच्या भरीस पडूं नये. ती टाकून द्यावी. अशा काकडीनें पोट बिघडतें.

ज्यांच्या हातून खत आधींच जास्त पडलें आहे, त्यांनीं वेल उपटण्याची घाई करूं नये. खत तत्काळ बंद करावें. कुंडी असेल तर लागोपाठ दोन सकाळीं, खालच्या भोंकांतून पाणी भरपूर वाहून जाईपर्यंत पाणी घालावें. विरघळलेलें पुष्कळसें नायट्रेट त्याबरोबर निघून जातें. जमिनींत मात्र असें धुऊन काढूं नये, तेथें वाट पाहावी. दाटी करणाऱ्या थोड्या बाजूच्या फांद्या खुडून आंत ऊन जाऊं द्यावें. दोन-तीन आठवड्यांत पानांचा काळोखा रंग उतरूं लागला आणि मादी फुलें दिसूं लागलीं, कीं वेल मार्गावर आला असें समजावें. तोंपर्यंत हंगामच सरला, तर वेल काढून त्याच मातींत माठ किंवा पालक पेरावा. उरलेलें नत्र तीं पानें आनंदानें घेतात; त्या पेरणीला निराळें खत घालूं नये.