फळांची साठवण : गुणवत्ता टिकविण्याचे शास्त्र



जबलपूर येथे १९६४ मध्ये जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले, तेव्हा उत्पादनवाढ ही देशाची पहिली निकड होती. आज पिकविण्याइतकाच टिकविण्याचा प्रश्नही महत्त्वाचा झाला आहे. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पेरूचे १५.८८ टक्के नुकसान काढणीच्या वेळी व त्यानंतर होत असल्याचे आढळले. पाहणीतील फळांमध्ये हे प्रमाण सर्वाधिक होते.

याचे मूळ फळाच्या स्वभावात आहे. तोडलेले फळ निर्जीव नसते. त्याचे श्वसन चालू असते. त्यात शर्करा व आम्ले खर्ची पडतात, उष्णता निर्माण होते आणि सालीतून पाणी उडून जाते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की श्वसनाचा वेग साधारणतः दोन ते तीन पटींनी वाढतो. म्हणजेच साठवणीमुळे फळाचा दर्जा सुधारत नाही, केवळ त्याची घसरण मंदावते. त्यामुळे योग्य पक्वतेला, इजा न होऊ देता केलेली तोडणी आणि लगेच सावलीत नेऊन केलेली प्रतवारी यांना पर्याय नाही.

सर्व फळांना एकच नियम लागू पडत नाही. आंबा, केळी व पेरू तोडणीनंतरही पिकतात. संत्री, द्राक्षे व डाळिंबे मात्र झाडावरच पक्व व्हावी लागतात. द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास उत्तम टिकतात, तर केळी सुमारे १३ अंशांखाली ठेवल्यास त्यांची साल काळवंडते. शीतगृहाचे नियोजन फळ पाहूनच करावे लागते.

वीज नसेल तेथे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष उपयोगी पडतो. विटांच्या दुहेरी भिंतींमधील वाळू ओली ठेवली की बाष्पीभवनामुळे आत गारवा व आर्द्रता राहते. जबलपूर-नागपूर पट्ट्यातील कोरड्या उन्हाळ्यात तो चांगले काम देतो; पावसाळी दमट हवेत मात्र त्याचा प्रभाव उरत नाही.

अतिरिक्त फळांसाठी प्रक्रिया हा मार्ग आहे. जॅममधील भरपूर साखर पाणी बांधून ठेवते, त्यामुळे सूक्ष्मजीवांची वाढ खुंटते. स्क्वॅशमध्ये पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतात. परंतु त्याने रंग फिका पडत असल्याने जांभूळ, कोकम यांसारख्या गडद रंगाच्या फळांसाठी सोडियम बेन्झोएट योग्य ठरते. याउलट, फळे पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे.

या शास्त्राला अर्थशास्त्राचीही बाजू आहे. ज्याच्याकडे साठवणीची सोय नाही, त्या शेतकऱ्याला मिळेल त्या भावाने त्याच दिवशी माल विकावा लागतो. चार दिवस थांबण्याची क्षमता आली, तर तो भावाबाबत बोलू शकतो. फळाचे आयुष्य वाढविणे म्हणजे शेतकऱ्याची सौदाशक्ती वाढविणे होय.