छातीला ऐकू येणारं वाद्य
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ‘सभासदांचे छंद’ या कार्यक्रमातील भाषण)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय युकुलेले. संध्याकाळी गार्डनमध्ये मुलं वाजवतात ते. त्याला ‘छोटी गिटार’ म्हणू नका, मुलं रागावतात.

मी वादक नाही. 34 वर्षं फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो, म्हणजे ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने करायचे. तिथल्या गोंगाटात उजवा कान गेला, डावा निम्मा शिल्लक आहे. गणपतीतल्या गाण्यांना मी मागे बसतो, लवकर उठतो. काहींना तो शिष्टपणा वाटला असेल. लाउडस्पीकरवरचं गाणं मला नुसता गलका वाटतो हो, दुसरं काही नाही. मग आवाजावर बोलायला हा माणूस कसा, असं मनात आलं असेल. तेच सांगतो.

हे वाद्य मुलानं होनोलुलूहून आणलं. तिथं एकटाच काम करणाऱ्या एका कारागिरानं ते हातानं घडवलंय. लाकूड कोआ. हे झाड मूळचं फक्त हवाई बेटांवरचं, पण आपल्या बाभळीच्या भावकीतलं. आपण बाभळीची बैलगाडी केली, त्यांनी कोआचं वाद्य केलं.

वाद्य मात्र बाहेरून आलेल्यांचं. ऑगस्ट 1879 मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांसाठी माणसं घेऊन होनोलुलूला लागलं. त्यात मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तिघे लाकूडकाम करणारे होते. आपल्या गावाकडच्या छोट्या चार तारांच्या वाद्यावरून त्यांनी हे बेतलं. राजा कालाकाउआला ते आवडलं आणि राजवाड्यात वाजू लागलं. आमच्याच धंद्यातली माणसं ती, म्हणून जरा जोरात सांगतोय.

हे घरी आल्यावर मी पहिलं काय केलं? दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा आणि टॉर्च घेऊन भोकातून आत बघितलं. बाहेरून पॉलिश कोणीही करतो, कारागीर आत कळतो. वरची फळी दोन मिलिमीटरच्याही आत! एकाच लाकडाचे दोन पातळ काप पुस्तकासारखे उघडून जोडलेत, त्यामुळे दोन्हीकडचे रेषे समोरासमोर येतात. फळीखाली आधाराच्या काड्या आहेत. त्यांची टोकं पटाशीनं निमुळती केलीत, खुणा अजून दिसतात. कडेच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या नळीवर वळवायच्या. घाई केली की ‘कट्’, आणि पट्टी गेली.

आमच्या कामात माप ड्रॉइंगवर असायचं. धातू थंड होताना आकसतो म्हणून आम्ही नमुना थोडा मोठाच ठेवायचो. याचं अगदी उलटं. फळी जाड राहिली तर वाद्य टिकतं, पण बोलत नाही. फार पातळ केली तर तारांच्या ताणानं पोट फुगतं. टिचकी मारायची, ऐकायचं, पुन्हा रंधा. कुठं थांबायचं ते ड्रॉइंग सांगत नाही. मला तरी हे जमलं नसतं.

तुलनेसाठी नातीचं प्लायवुडचं युकुलेले आणलंय. त्याला मी नावं ठेवणार नाही. शिकायला उत्तम, आणि पावसाळ्यात किंवा एसीत त्याला फारसं काही होत नाही. कोआच्या पातळ फळीला मात्र कोरड्या हवेत चीर पडू शकते.

नातीनं एकदा आधी ते आणि मग हे माझ्या छातीला टेकवून छेडलं. पहिलं कानाला थोडंफार कळलं, छातीला जवळजवळ नाहीच. दुसऱ्याची पाठ थरथरली ती बरगडीत जाणवली, आणि जरा वेळ राहिली. याची गंमत अशी, की सगळ्यात खालचा स्वर तिसऱ्या तारेवर असतो. चौथी उलट चढी. ती तिसरी तार मी डोळे मिटून ओळखली. तीनदा. चौथ्यांदा नातच कंटाळली.

आता ती वाजवेल. माईक नको, पंखेही दोन मिनिटं बंद करा. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनी पुढे या आणि एकेकानं वाद्याच्या पाठीला बोटं लावा. अगदी हलकेच, दाबलं तर आवाज मरतो. आणि अंगठ्या काढून या हं, लाकूड मऊ आहे.