घड्याळ, दुर्बीण आणि सिरपूरचा तलाव

पूर्वी तालमीत नवा मुलगा आला म्हणजे त्याला फारसे काही विकत घ्यावे लागत नसे. लंगोट तेवढा स्वतःचा. मुद्गल, मल्लखांब आणि हौद्यातील माती ही सारी तालमीची. किती जोर झाले, किती बैठका झाल्या, हे वस्ताद पाहत. आज हा क्रम उलटला आहे. व्यायामाचा किंवा एखाद्या छंदाचा विचार मनात येताच मनुष्य प्रथम बाजार गाठतो. बूट येतात, मनगटावर घड्याळ येते, मोबाईलमध्ये दोन-तीन ॲप उतरतात. आणि साहित्य घरी आले म्हणजे निम्मे कार्य सिद्धीस गेले, असे समाधान त्याला वाटू लागते.

या साधनांना नावे ठेवावीत असा माझा हेतू नाही. ज्याच्या घराजवळ तालीम नाही, ज्या गृहिणीस ठरावीक वेळी बाहेर पडता येत नाही, तिच्यापर्यंत शिक्षक पोहोचवण्याचे काम यंत्रच करू शकते. जपानमध्ये 1928 साली रेडिओवरून व्यायामाचे पाठ सुरू झाले आणि पियानोच्या सुरावर लोक घरोघरी, अंगणात हातपाय हलवू लागले. तो प्रघात तेथे अद्यापि चालू आहे. त्या मानाने आपला मोबाईल हा त्याच रेडिओचा नातू म्हणावयाचा. प्रश्न आहे तो यंत्राचे किती ऐकावे, हा.

दिवसाला दहा हजार पावले चालावीत, हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले असेल. हा आकडा जगभर पसरला तो मात्र एका विक्रीच्या वस्तूमुळे. टोकियोचे ऑलिंपिक 1964 साली झाले. त्यानंतरच्या वर्षी जपानमधील एका घड्याळाच्या कंपनीने कमरेला लावावयाचे पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. नाव सुटसुटीत होते, संख्या पूर्ण होती, आणि पुढे तीच संख्या आरोग्याची आज्ञा होऊन बसली. अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या चालण्याचा अभ्यास करण्यात आला व तो 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय 72 होते. दिवसाला सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे 4,400 पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले, आणि सुमारे 7,500 पावलांपुढे लाभ वाढताना दिसला नाही.

हे मी इतक्या विस्ताराने सांगतो याला कारण आमच्या शेजारच्या काकू. त्यांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी चालावयास सांगितले, पुण्याच्या मुलाने घड्याळ पाठवले, आणि काकू मोठ्या उत्साहाने सकाळी कॉलनीत फेऱ्या घालू लागल्या. महिन्याभराने एके दिवशी म्हणाल्या, ‘‘सर, रोज साडेचार हजारांवर काटा काही जात नाही. ते गोल कधी पुरं भरतच नाही. मग उपयोग काय?’’ आणि त्यांनी घड्याळ कपाटात ठेवले. घड्याळ ठेवले याचे दुःख नाही. त्याबरोबर चालणेही थांबले. ज्या साडेचार हजार पावलांनी त्यांचे खरोखर हित होत होते, ती त्यांना अपयश वाटली. तो अभ्यास मी त्यांना समजावून सांगितला. त्या पुन्हा चालू लागल्या, पण एक हिवाळा मध्ये वाया गेला आणि रक्तातील साखर वाढावयाची ती वाढली.

म्हणून नवशिक्याने पहिल्या आठवड्यात लक्ष्य म्हणून काहीच ठरवू नये. आपण एरवी किती चालतो हे केवळ पाहावे, आणि पुढे त्यात पाचशे-हजार पावलांची भर घालावी. यंत्राची रीतही जाणून घ्यावी. घड्याळात आपल्या हालचालीचा वेग कसा बदलतो हे टिपणारा एक सूक्ष्म भाग असतो. हात हलला की तो पाऊल समजतो. भाजीची जड पिशवी धरून हात स्थिर राहिला तर चालूनही पावले कमी भरतात, आणि खाटेवर बसून टाळ्या पिटल्या तर थोडी वाढूही शकतात! मनगटाखालचा हिरवा प्रकाश रक्ताच्या लहरींवरून नाडी मोजतो, तो बराचसा विश्वसनीय. परंतु ‘इतक्या कॅलरी खर्च झाल्या’ हा आकडा केवळ अंदाज होय. स्टॅनफर्ड विद्यापीठात 2017 साली अशी सात यंत्रे तपासली, तेव्हा बहुतेकांची नाडी जवळपास बरोबर निघाली. कॅलरींच्या बाबतीत मात्र त्यांतील सर्वांत अचूक यंत्रही सरासरी 27 टक्क्यांनी चुकले. आम्हां इंदूरकरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. कारण सकाळची फेरी संपवून घड्याळाच्या साक्षीने पोहे-जिलबीच्या दुकानात शिरणारे सज्जन आपल्या शहरात थोडे नाहीत.

आता छंदाकडे वळतो. चालणे कंटाळवाणे वाटत असेल तर त्याला पाहण्याची जोड द्यावी, आणि पाहण्यासाठी आपल्याजवळ सिरपूरचा तलाव आहे. होळकरांच्या काळातील हा तलाव अतिक्रमणाने आणि घाणीने नष्ट होण्याच्या मार्गावर होता. चित्रकार-छायाचित्रकार पद्मश्री भालू मोंढे आणि पत्रकार अभिलाष खांडेकर यांच्यासारख्या नागरिकांनी तो वाचवण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. 2022 साली सिरपूरला रामसर स्थळांच्या यादीत स्थान मिळाले, आणि 2025 च्या जानेवारीत इंदूर व उदयपूर या दोन शहरांना भारतातील पहिली पाणथळ शहरे म्हणून मान्यता मिळाली.

तेथे पक्षी ओळखावयास शिकण्यासाठी कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान संस्थेचे ‘मर्लिन’ हे ॲप विनामूल्य मिळते. ते आवाज ऐकून त्याचे चित्र बनवते आणि त्या चित्राची ओळख पटवून नाव सुचवते. सुचवते, हा शब्द मी जाणून योजला आहे. आमच्या शाळेच्या आवारात एकदा मुलांच्या मोबाईलने शिक्रा असल्याचे सांगितले. शिकारी पक्षी आला म्हणून सारा वर्ग धावला, तो निंबावर कोतवाल बसलेला! हा काळा पक्षी शिक्र्याची नक्कल करून साळुंक्यांना घाबरवतो आणि त्यांचा घास पळवतो. यंत्र फसले, साळुंक्याही फसत असतील. मुले मात्र वर पाहिल्यामुळे फसली नाहीत. तेव्हा कानाने नाव सुचवावे आणि डोळ्याने ते मान्य करावे, तोवर वहीत लिहू नये, हा नियम आम्ही घालून घेतला आहे.

दुर्बिणीची घाई करू नये. प्रथम शाळेची, मित्राची, एखाद्या निसर्गमंडळाची वापरून पाहावी. आमच्या शाळेत एकच आहे आणि ती तीस मुलांत फिरते. घ्यावयाचीच झाली तर तिच्यावर 8 गुणिले 42 असे आकडे असावेत. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार बारापट, सोळापट दाखवून भुरळ घालतो. परंतु जितके पट अधिक, तितका हाताचा कंपही अधिक मोठा होऊन दिसतो आणि पक्षी नजरेत ठरत नाही. कॅमेऱ्याचे तर नावच काढू नये. पहिल्याच वर्षी कॅमेरा घेणारे पुष्कळ लोक पक्ष्याऐवजी छायाचित्रच पाहत बसतात, असे माझे प्रामाणिक मत आहे.

वही मात्र पहिल्या दिवसापासून हवी. तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, संख्या, एवढे पुरे. वारकरी किती, थापट्या किती, जांभळी पाणकोंबडी किती, टिबुकली किती. नावे सगळी आपलीच आहेत, पोरांना ती पटकन मुखोद्गत होतात. याच नोंदी ‘ई-बर्ड’वर घातल्या म्हणजे त्या जगाच्या उपयोगी पडतात. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा 2023 चा अहवाल अशाच सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. तीस हजारांच्या घरात असलेले नोंद करणारे बहुतेक हौशी लोक होत; कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी निवृत्त. एखादा तलाव बुजवण्याचा घाट उद्या कोणी घातला, तर तेथे कोणते पक्षी किती येतात हे दाखवावयास या वह्यांखेरीज सामान्य माणसापाशी दुसरे काय असते?

ॲपमध्ये पक्ष्यांचे आवाज वाजवण्याची सोय आहे. विणीच्या दिवसांत ते तलावावर वाजवू नयेत. नर पक्षी प्रतिस्पर्धी आला असे समजून घरटे सोडून धावतो आणि पिलांची उपासमार होते. घरी बसून हवे तितके ऐकावेत.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातील पक्ष्यांची गणना होते. तीत भाग घेण्यास किमान पंधरा मिनिटे पक्षी पाहावे लागतात, आणि शुल्क काही नाही. काकूंना मी त्याविषयी विचारले आहे. त्यांच्या गच्चीवर चिमण्या येतात, तांबटाचा ठोका दुपारभर ऐकू येतो. घड्याळ कपाटातून काढावे लागेल का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, पंधरा मिनिटे मोजण्यापुरते.