मोबाइलवरची फसवणूक आणि कायद्याचा आधार

श्रोतेहो, “शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये” ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. बांधाच्या भांडणात, भाऊबंदकीत ती पुष्कळदा खरीही ठरली असेल. परंतु मोबाइलवरून होणाऱ्या फसवणुकीत हीच म्हण आपला घात करते. चोरी झाल्यावर माणूस लाजेने घरात बसून राहतो, “लोक काय म्हणतील” याचा विचार करतो, आणि तेवढ्या वेळात त्याचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून दहाव्या खात्यात निघून जातात.

आपला कुरखेड्याचा भाग जंगलाचा आहे. पण धानाचे पैसे, तेंदूपत्त्याची मजुरी, मुलींची शिष्यवृत्ती, म्हाताऱ्यांची पेन्शन हे सगळं आता बँकेच्या खात्यातच येतं. घरात पैसा कमी, म्हणून चोर इकडे येणार नाही, असे समजू नका. ज्याच्या खात्यात सातच हजार आहेत, त्याचे सातही हजार गेले तर पुढच्या हंगामाचं बियाणंच गेलं.

तेव्हा फसवणूक झाली तर पहिलं काम काय? 1930 हा क्रमांक फिरवायचा. तिथे खाते क्रमांक, किती रुपये गेले, कोणत्या दिवशी, किती वाजता, आणि बँकेच्या संदेशातला व्यवहार क्रमांक एवढं सांगायचं. ही खबर लगेच बँकांकडे जाते आणि चोराने काढून घेण्याआधी पैसा सापडला तर तो तिथेच अडवून ठेवता येतो. म्हणून जे करायचं ते पहिल्या तासातच. त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवावं आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. मोबाइलमधले संदेश मात्र रागाच्या भरात पुसून टाकू नका. तोच तुमचा पुरावा.

यानंतर पोलीस ठाणे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. चोर झारखंडात बसला असेल की राजस्थानात, हे शोधणं तुमचं काम नव्हे. खबरीची नक्कल तुम्हाला मोफत मिळाली पाहिजे. खबर घेतलीच नाही, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो, आणि त्यानेही भागलं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे.

आता कोणी म्हणेल, “गुरुजी, हे अर्ज लिहायचे कोणी? वकिलाला द्यायला पैसे कुठून आणायचे?” याचं उत्तर आपल्या राज्यघटनेतच आहे. 1976 साली घटनेत 39-अ हे कलम आलं. पैसा नाही म्हणून कोणी न्यायाला मुकू नये, असं ते सांगतं. त्यावरून 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीची माणसे, अपंग, तसेच कोठडीत असलेली व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात याचा अर्थ फार मोठा आहे. गोंड कुटुंबातला माणूस असो की कोणत्याही जातीची बाई असो, मोफत वकील मागायला त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा ठरलेली आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, आणि 15100 या क्रमांकावरही विचारता येते. अडवून ठेवलेला पैसा परत मिळवायला दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायची वेळ आली, तर तोही हा वकील करून देतो.

मंडळी, आतापर्यंत मी फसलेल्या माणसाबद्दल बोललो. पण या गुन्ह्यात आरोपीच्या पिंजऱ्यात पुष्कळदा उभा राहतो तो आपल्याच गावचा पोरगा. त्याला कोणी तरी भेटतं आणि म्हणतं, “तुझं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम मला दे, महिन्याला दोन हजार देतो.” पोराला वाटतं, घरबसल्या कमाई झाली. चोरीचा पैसा त्याच्या खात्यातून फिरतो. खरा चोर दूर राहतो आणि नाव निघतं ते पासबुकावरचं. खातं भाड्याने देणं म्हणजे आपल्या घराची किल्ली चोराला देणं. शिक्षकांनी नववी-दहावीच्या वर्गात हे एकदा तरी सांगावं.

तरीही, नाव आलं म्हणजे माणूस दोषी ठरला, असं नाही. त्याचेही हक्क आहेत. अटक का केली ते त्याला सांगितलं पाहिजे, घरच्यांना कळवलं पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं पाहिजे. 29 ऑगस्ट 2012 रोजी कसाबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की, आरोपीला पहिल्यांदा समोर आणतील तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क समजावून देणं हे दंडाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे, आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्यावा. मुंबईवर हल्ला करणाऱ्याच्या खटल्यातही हे सांगितलं गेलं. मग आपल्या पोराला तो हक्क का नसावा?

निर्दोष माणूस कसा अडकतो याचं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरला दोन तरुणींना अटक झाली. एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर चार शब्द लिहिले, दुसरीने त्याला पसंती दिली, एवढंच. ज्या 66-अ कलमाखाली ही अटक झाली, त्याला श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने आव्हान दिलं आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं.

कधी कधी काहीही न करता आपलं खातं गोठवलं जातं. किराणा दुकानदाराला गिऱ्हाईकाने दिलेला पैसा चोरीचा निघतो आणि दुकानदाराचे व्यवहार बंद पडतात. अशा वेळी बँकेत भांडू नये. कोणत्या ठाण्याच्या, कोणत्या तक्रारीवरून खातं अडवलं, हे बँकेकडून लेखी घ्यावं. मग मालाची बिलं जोडून तपास अधिकाऱ्याला कळवावं, आणि तरी सुटलं नाही तर वकिलामार्फत न्यायालयात अर्ज द्यावा.

आणखी एक गोष्ट. गणवेश घातलेला कोणी मोबाइलच्या पडद्यावर येऊन “तुला डिजिटल अटक केली आहे, पैसे भर” असं म्हणाला, तर खुशाल फोन ठेवा. अशी अटक कायद्यात नाहीच. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीससुद्धा व्हॉट्सअॅपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं आहे.

शेवटी शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. गावात इंग्रजी संदेश आला की तो वाचून घ्यायला माणसं तुमच्याकडे येतात. शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिता, तसे एका कोपऱ्यात 1930 आणि 15100 हे दोन आकडे लिहून ठेवा. पहिला गेलेला पैसा अडवण्यासाठी, दुसरा वकील मिळवण्यासाठी. आणि फसलेला माणूस दारात आला, तर “तू असा कसा फसलास?” असं आधी विचारू नका. “किती वाजता फसलास?” एवढंच विचारा आणि फोन लावून द्या.