कुडाची भिंत आणि इंजिनीअरिंगचा वर्ग



डहाणूहून घोलवडकडे निघालं की चिकूच्या वाड्यांमागे कोसबाडची टेकडी दिसते. महाराष्ट्राला ही टेकडी ठाऊक आहे ती बालवाडीमुळे. मी मात्र आज बोलणार आहे इंजिनीअरिंगच्या शिक्षणाबद्दल, त्यात कुणाला जागा मिळते आणि कुणाला मिळत नाही याबद्दल. तीन-चार वर्षांच्या पोरांच्या शाळेचा आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या वर्गाचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. थोडं थांबा.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेली ही बाई पुढे स्वतःच्या हिकमतीवर शिकली होती. शाळेच्या दाराबाहेर राहणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९५७ मध्ये हे काम कोसबाडला आलं. पाड्यावरची वारली मुलं शाळेत येत नव्हती. अशा वेळी आपल्याकडे एक उत्तर तयारच असतं, की या लोकांना शिक्षणाची गोडी नाही. या दोघींनी मुलं कुठे आहेत ते जाऊन पाहिलं. मुलगा गुरांमागे रानात होता, तर शिक्षकच कुरणात गेला. त्याला कुरणशाळा म्हणतात. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी बसलेली होती, तर धाकट्यालाही बरोबर आणायला सांगितलं आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात मांडली. ती विकासवाडी. माँटेसरीची साधनं महाग पडत होती, त्यांच्या जागी शिंपले, बिया, पानं, खडे आले. मूल शाळेत टिकत नसेल तर आधी शाळा तपासायची, असा हा सगळा व्यवहार होता.

आता इंजिनीअरिंगकडे येऊ. इथे आजही तपासलं जातं ते मूल. ते कच्चं आहे, पाया कमकुवत आहे, इंग्रजी नाही, न्यूनगंड आहे. वर्ग कधीच कच्चा नसतो!

आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींसाठी आरक्षण आलं ते १९७३ साली. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींना शिक्षणात ७ टक्के जागा आहेत. जागा कागदावर आहेत, आणि त्या हव्यातच. पण डहाणूशेजारच्या तलासरीच्या आदिवासी मुलाने त्या जागेपर्यंत पोचायचं कसं? दहावीपर्यंत बहुधा आश्रमशाळा किंवा जिल्हा परिषदेची शाळा. अकरावीला विज्ञान घेतलं की पुस्तकं एकदम इंग्रजीत. शिकवणीचा वर्ग तालुक्याच्या गावी, आणि तिथून संध्याकाळची शेवटची एसटी कधीची निघालेली. मग जातवैधता प्रमाणपत्र. त्यासाठी १९५० पूर्वीच्या नोंदींना मोठं वजन असतं. आजोबांच्या, पणजोबांच्या शाळेचा दाखला असेल तर उत्तम. ज्या पाड्यांवर शाळाच उशिरा आली, तिथल्या नातवाकडे आजोबांचा शाळेचा दाखला मागायचा, यातला विनोद नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आला होता की नाही, कोण जाणे.

हे सगळं पार करून कुणी आत पोचलाच, तर वसतिगृहात पहिला प्रश्न येतो, "तुझी रँक किती?" प्रश्न साधा वाटतो. उत्तरातून मात्र मुलाची जात कळते आणि पुढची चार वर्षं त्याला त्याच आकड्यावरून जोखलं जातं. २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या आयआयटीतल्या एका दलित विद्यार्थ्याच्या आत्महत्येनंतर हा विषय वर्तमानपत्रांत आला. त्याच वर्षी जुलैत संस्थेने सूचना काढली, की दुसऱ्या विद्यार्थ्याची जेईईची रँक किंवा गेटचे गुण विचारणं अनुचित आहे. सूचना चांगलीच आहे. आरक्षण सुरू झाल्यानंतर ५० वर्षांनी ती काढावी लागली, हेही लक्षात ठेवायला हवं.

पण प्रवेश आणि वसतिगृह यांच्या पलीकडे एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल आपण जवळजवळ बोलतच नाही. ती आहे अभ्यासक्रमात.

डहाणू-तलासरीचं जुनं वारली घर आठवा. जमिनीत रोवलेल्या लाकडी मेढी. त्यांच्यावर छपराचा भार. भिंत म्हणजे कारवीच्या काठ्या विणून केलेला कुड, त्याला दोन्ही अंगांनी माती-शेणाचा लेप. या भिंतीवर गेरू सारवून तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रं गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज ती नक्षी साड्यांवर आहे, कपबश्यांवर आहे, स्टेशनांवर आहे. इंजिनीअरिंग कॉलेजच्या स्वागतकक्षातही हौसेने रंगवलेली सापडते. चित्राला दाद मिळाली. भिंत मात्र कुणी पाहिली नाही.

माझ्या मते आपला सगळ्यात खोल पूर्वग्रह तो हाच. आदिवासी माणूस कलावंत आहे हे आपण आनंदाने मान्य करतो. तो इंजिनीअर आहे, त्याच्या घरात गणित आहे, भाराचा आणि जोडाचा विचार आहे, हे मान्य करायला आपली जीभ रेटत नाही.

स्थापत्यच्या वर्गात आम्ही शिक्षक काय शिकवतो? भार सांगाड्याने घ्यावा, भिंतीने फक्त आडोसा करावा. कुडाच्या घरात याहून वेगळं काय आहे? सांगाडा मेढींचा, आडोसा कारवीचा. फक्त तिथे सिमेंट नाही, म्हणून ते 'कच्चं' घर.

या कच्च्या-पक्क्याचा प्रश्न डहाणू आणि तलासरीत एकदम ऐरणीवर आला तो २०१८ च्या नोव्हेंबरात. धुंदलवाडी, दापचरी, तलासरीच्या परिसरात जमीन हलायला लागली. एकच मोठा धक्का बसून संपलं असं झालं नाही. लहान-लहान धक्क्यांची रांगच लागली, ती महिनोन्‌महिने चालली. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ रिश्टरचा धक्का बसला. लोक थंडीत घराबाहेर, ताडपत्रीखाली आणि तंबूत झोपू लागले, शाळाही उघड्यावर भरल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने यंत्रं बसवली आणि हजारो धक्क्यांची नोंद केली.

भूकंपात इमारतीवर येणारा आडवा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो. भिंत जड असेल तर जोर मोठा. जड आणि ठिसूळ असेल, मातीच्या नाहीतर कमी सिमेंटच्या सांध्यांवर उभी असेल, तर ती तडकते आणि माणसावर पडते. १९९३ साली किल्लारीला आपण हे फार मोठी किंमत देऊन शिकलो. तिथे माणसं मेली ती जाड दगडी भिंती आणि मातीच्या छपरांखाली. हलका कुड डोलतो. त्याचा गिलावा सुटेल, पण काठ्या एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे अख्खी भिंत एकदम अंगावर कोसळणं कठीण.

आणि हे ज्ञान जगात नवं नाही. आसामात १८९७ च्या भयंकर भूकंपानंतर साहेबांनी स्वतःच्या बंगल्यांसाठी स्थानिक पद्धत उचलली. लाकडी सांगाडा आणि इकरा नावाच्या बोरूची लिंपलेली भिंत. म्हणजे आपला कुडच की! कोलंबियात १९९९ साली कॉफीच्या मळ्यांच्या मुलखात भूकंप झाला, तेव्हा तिथल्या बांबू-मातीच्या जुन्या घरांची इंजिनीअरांनी तपासणी केली आणि २००२ मध्ये तशा एकमजली-दुमजली घरांचे नियम देशाच्या बांधकाम संहितेत घातले. आपल्याकडेही मातीच्या घरांच्या भूकंपरोधनासाठी भारतीय मानक १३८२७ हे १९९३ पासून आहे. ते आहे, पण आमच्या परीक्षेत त्यावर प्रश्न येतो का? काँक्रीटच्या तुळईवर येतो, पोलादाच्या जोडावर येतो. माती आणि बांबू आलेच तर ऐच्छिक विषयात, तेही शिकवायला कुणी मिळालं तर.

म्हणजे बघा, तलासरीची मुलगी स्थापत्यच्या वर्गात बसते. तिच्या आईने दरवर्षी दसरा-दिवाळीला ती भिंत लिंपली आहे. मातीत भुसा किती घालायचा, शेण किती, लेप पहिल्यांदा पातळ का द्यायचा, हे मुलीने हाताने केलेलं आहे. चार वर्षांच्या अभ्यासात याबद्दल तिला एकदाही कुणी विचारत नाही. वर्गात ती सुरुवात करते ती शून्यापासून, आणि काँक्रीटच्या इमारतीत वाढलेला शेजारचा मुलगा मात्र ओळखीच्या घराबद्दल शिकत असतो.

मी कुडाची आरती ओवाळायला बसलेलो नाही. त्या घराला वाळवी लागते, आगीचं भय असतं, मेढी जमिनीत कुजतात. कारवी तोडायला वनखात्याच्या अटी आहेत. दरवर्षी लिंपायचं काम बाईच्याच गळ्यात पडतं, तिला विटांची भिंत हवीशी वाटली तर तिचं काय चुकलं? घरकुल योजनेत पक्क्या घरासाठी अनुदान मिळतं, ते कोण नाकारेल? आणि याच तालुक्यांतली किती कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. विटा पाडायच्या त्यांनी, पण घर कसं असावं हे त्यांना शिकवायला यायचं दुसऱ्या कुणी. प्रश्न कुड की वीट हा नाहीच. कुजणारी मेढ, वाळवी, आग ही सगळी इंजिनीअरिंगचीच कामं आहेत. काँक्रीटला तडे जातात म्हणून आपण काँक्रीट शिकवायचं सोडलं नाही; तड्यांवर उपाय शोधले, त्यावर प्रबंध लिहिले. कुडाच्या वाट्याला ती मेहनत आली नाही.

भाषेचंही थोडं सांगतो. जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते, आणि त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या पीसीसीओई या अभियांत्रिकी महाविद्यालयात मराठीतून संगणक अभियांत्रिकी सुरू झाली. चांगलंच झालं. पण वारली मुलाला पुण्याची मराठीही शाळेत येऊनच शिकावी लागते. भाषा बदलली आणि उदाहरणं शहरातलीच राहिली, तर त्याचा अर्धाच फायदा.

अपवाद आहेत. पवईच्या आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र, सितारा, १९८५ पासून आहे. तिथले विद्यार्थी खेड्यात राहून पाण्याच्या, शेतीच्या प्रश्नांवर काम करतात. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तिथे शाळा सोडलेली मुलं हाताने काम करत तंत्र शिकतात. दोन्ही कामं मोलाची. तरी पहिल्यात शहरातला विद्यार्थी खेड्याकडे जातो आणि दुसरं पदवीच्या वाटेबाहेर राहतं. पाड्यावरची मुलगी पदवीच्या वर्गात बसून स्वतःच्या घराची भिंत तपासते आहे, ही तिसरी गोष्ट अजून व्हायची आहे.

ती करायला फार खर्चही नाही. भूकंपाचं हलतं टेबल मोजक्या संस्थांकडे असतं, पण तिरप्या फळीची चाचणी कुठल्याही तंत्रनिकेतनात होते. मजबूत फळीवर भिंतीचा नमुना पक्का बसवायचा आणि फळी एका बाजूने हळूहळू उचलायची. फळी ११ अंशांच्या आसपास कलली की नमुन्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे एक पंचमांश आडवा जोर येतो. १७ अंशांच्या जवळ तो तीन दशांश होतो. एक नमुना विटांचा, एक कुडाचा, एक पायथ्याशी काँक्रीट घालून मेढ जमिनीपासून वर उचललेल्या कुडाचा. कोन मोजायला साधा कोनमापक पुरतो. पदवीच्या आणि पदविकेच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पाला गुण असतातच, वेगळी मंजुरी लागत नाही. कुड बांधायला मात्र पाड्यावरून कुणाला तरी बोलवावं लागेल, आणि त्या माणसाला पाहुण्या व्याख्यात्याचं मानधन द्यावं लागेल. कार्यालय विचारेल, यांची शैक्षणिक अर्हता काय लिहायची? तो रकाना कसा भरायचा, हे प्राचार्यांनी आधीच ठरवून ठेवावं.