समुद्राला दोन महिने विसावा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



सेक्रेटरीबाईंनी प्रवासावर चार शब्द बोलायला सांगितले. मी सातवी शिकलेली, घरसंसारातली बाई. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले तेवढेच सांगते.

माझी धाकटी बहीण मॉरिशसमध्ये दिली आहे. पूर्वी उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या आपल्या लोकांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणवतात. तिचे सासर त्यांतलेच. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिने मला रॉड्रिग्ज बेट दाखविले. हे बेट मॉरिशसच्याच राज्यातले, पण पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरांहून दूर. विमानाने दीड तास लागतो. जमीन अवघी १०८ चौरस किलोमीटर. भोवती पोवळ्याच्या बांधाने अडविलेले उथळ पाणी मात्र जमिनीच्या दुप्पट!

पोर्ट माथुरिन या मुख्य गावात आम्ही स्कूटर भाड्याने घेतली. बहीण पुढे, मी मागे पदर खोचून बसलेली. मधल्या डोंगरावर चढायचे आणि वळणावळणांनी समुद्राकडे उतरायचे. पोर सूद-एस्त, ग्राव्हिये अशी लहान लहान गावे लागली. कुठे गलबला नाही. अंगणात मका, शेळ्या, कोंबड्या. आणि काठ्यांवर, दोऱ्यांवर वाळत घातलेले ऑक्टोपस. हा आपल्या माकुळाचा भाऊबंद, आठ हातांचा. तिथे त्याला ‘उरीत’ म्हणतात.

हा उरीत धरायला होडी लागत नाही. ओहोटी लागली की बायका गुडघाभर पाण्यात मैल मैल चालतात, हातात लोखंडी सळई घेऊन पोवळ्यांतली बिळे शोधतात. बहिणीला तिथली क्रिओल भाषा येते, म्हणून एका बाईशी बोलणे झाले. ती म्हणाली, “आईबरोबर जायची तेव्हा लवकर टोपली भरायची. पुढे दिवसभर हिंडूनही हाती लहानसहान पिल्लेच.”

म्हणून २०१२ साली तिथे पहिल्यांदा ऑगस्ट ते ऑक्टोबर असे दोन महिने उरीत धरणे बंद ठेवले. त्यामागे कारण आहे. उरीत फार तर दीडेक वर्ष जगतो, पण वाढतो झपाट्याने. मादी बिळात अंडी घालून अन्नपाणी सोडून त्यांची राखण करते, आणि पिल्ले बाहेर पडली की मरते. अशा वेळी तिला सळईने टोचले तर पुढची सगळी पिढीच गेली.

भगिनींनो, सांगणे सोपे आहे. पण हातावर पोट असणाऱ्या बाईने दोन महिने चूल कशी पेटवायची? पहिल्या बंदीत त्यांना किनारा साफ करण्यासारखी रोजंदारीची कामे दिली होती. कुणी लिंबाचे, मिरचीचे लोणचे घालून शनिवारच्या बाजारात विकते. तरी ओढाताण होतेच. मी विचारले, “मग राग येत नाही का?” ती हसून म्हणाली, “पहिल्या वर्षी आला. बंदी उठल्यावर हातभर लांब उरीत मिळाले, तेव्हा गेला.”

आपल्याकडेही पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या लोटतात. ही शिस्त कोळीवाड्याने पाळायची, आपला काय संबंध, असे आपल्याला वाटते. पण स्वस्त मिळतात म्हणून तळहातापेक्षाही लहान पापलेटे पिशवीत टाकणाऱ्या आपणच ना? घेणारीने नाही म्हटले तर धरणाराही दोनदा विचार करील. बाजारात जाताना एवढे ध्यानात ठेवावे, अशी माझी विनंती आहे.