भूत खोटं, बाकी खरं
(बुलडाणा जिल्ह्यातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) हा मराठी भयपट आमच्या गटातल्या बायांनी एकत्र पाहिला. उसाच्या रानातलं एकाकी घर, त्यात अडकलेली गरोदर नेहा. भुतं दिसली तशा बाया किंचाळल्या, एकमेकींना बिलगून हसल्याही. पण मुलगी नको म्हणून बाईचा मांडलेला छळ पडद्यावर आला, तेव्हा एकही ओरडली नाही. सगळ्या गप्प. शेवटी एक आजी म्हणाल्या, "भूत खोटं हाये बाई, बाकी सारं खरं हाये."

आपल्या जिल्ह्यात २००१ साली सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९०८ मुली होत्या. २०११ च्या जनगणनेत ८५५ उरल्या. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा तर १९९४ चा!

दुसऱ्या खेपेला मीही तपासणीच्या दारापर्यंत गेले होते. सासूबाई सोबत होत्या. दारातून परत फिरले, पण हे कुणापाशी बोलले नव्हते. त्या रात्री बोलले. मग आणखी दोघी बोलल्या. त्या दारातून परत फिरल्या नव्हत्या.

त्यांना कुणी दोष दिला नाही. पुढची बैठक त्यांच्याच घरी आहे. तुम्हीही या.